बुजलेल्या ओढ्याची आठवण शिल्पाने जपावी की झाडांनी?

वस्तीतला बुजवलेला ओढा आणि त्याच्या काठची नाहीशी झालेली झाडी यांची आठवण म्हणून शिल्प उभारावे की बाग करावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याआधी ओढा नेमका कोठून वाहत होता, हे शोधायला हवे. जुने भूमापन नकाशे, जमिनीचा उतार, पावसात आजही पाणी साचते त्या जागा आणि वृद्ध रहिवाशांच्या आठवणी एकमेकांशी ताडून पाहिल्या, तर त्याची वाट बरीचशी सापडते.

जागेचे महत्त्व टॉड मॅकग्रेन या अमेरिकी शिल्पकाराच्या कामात दिसते. त्याने नामशेष झालेल्या पाच पक्ष्यांची ब्राँझ शिल्पे घडवली. त्यांपैकी हीथ हेन १९३२ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेवटची दिसली आणि तिचे शिल्प त्याच बेटावरच्या जंगलात उभे आहे. दुसरीकडे कोठे ते केवळ एका देखण्या पक्ष्याचे शिल्प ठरले असते.

झाडांचा मार्ग अमेरिकी कलाकार ॲलन सॉनफिस्ट यांनी निवडला. वसाहतपूर्व काळातले रान न्यूयॉर्कच्या एका छोट्या भूखंडावर पुन्हा उभे करण्याची कल्पना त्यांनी १९६५ मध्ये मांडली आणि प्रत्यक्ष लागवड १९७८ मध्ये झाली. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण ते ऋतूंबरोबर बदलत राहते. मात्र अशा तुकड्यात बाहेरचे तण शिरतेच, आणि ते ओळखून उपटणारी माणसे वर्षानुवर्षे लागतात. ती मिळणार नसतील, तर बागेचा बेत लहान ठेवावा.

सोलमधील चोंगग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून २००५ मध्ये तो खुला करण्यात आला, पण त्यातले बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणले जाते. लोकांना पाण्याकाठी बसता येते, हे मी कमी लेखत नाही. तरीही त्याला मूळ ओढा परत आला असे म्हणणे मला पटत नाही.

आपल्या ठिकाणी मी सापडलेल्या वाटेवर दगडी फरसबंदीतून एक उथळ चर काढीन, ज्यात आसपासच्या छपरांवरचे पावसाचे पाणी उतरेल आणि जो उरलेले महिने कोरडाच राहील. त्याच्या कडेला, जवळच्या एखाद्या जिवंत ओढ्याकाठच्या बियांपासून वाढवलेली रोपे लावावीत. शिल्पाचा विचार त्यानंतर, पहिल्या पावसात पाणी कोठे वळते आणि कोठे थांबते हे पाहून करावा.