एका जहाजापासून सुरुवात कर

प्राचीन संस्कृतींमधल्या देवाणघेवाणीवरच्या प्रदर्शनाचा तुझा आराखडा वाचला. फिनिशियन, ग्रीक, इजिप्शियन असे बारा विभाग आणि प्रत्येकाला वेगळा टचस्क्रीन! यात देवाणघेवाणच हरवते, कारण प्रत्येक संस्कृती आपापल्या कप्प्यात बंद राहते. त्यापेक्षा एकच जहाज घे: उलुबुरुन. इसवी सनपूर्व 14व्या शतकाच्या अखेरीस तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ ते बुडालं. 1982 मध्ये एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला ते सापडलं आणि आज त्यातल्या वस्तू बोडरुमच्या संग्रहालयात आहेत. सायप्रसचं सुमारे दहा टन तांबं, जवळपास एक टन कथील, निळ्या काचेच्या लगडी, बाल्टिक समुद्राकाठचा अंबर (झाडांच्या चिकाचा दगडासारखा झालेला खडा), आफ्रिकेतलं काळं लाकूड, इजिप्तची राणी नेफरतिती हिचं नाव कोरलेला सोन्याचा स्कॅरॅब (भुंग्याच्या आकाराचा ताईत), हे सगळं एकाच जहाजाच्या पोटात!

पाहुण्याला आधी वस्तू दे, नकाशा नंतर. तांब्याच्या लगडीची खऱ्या वजनाची प्रतिकृती साखळीने बांधून ठेव, म्हणजे उचलताना घाम फुटेल. मग विचार: हे कुठून आलं असेल? त्याने अंदाज बांधल्यावरच नकाशावर दिवा लागू दे. तांबं आणि कथील दहास एक या प्रमाणात वितळवलं की कांसं होतं, हे त्याला स्वतः तराजूवर जुळवू दे. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

जहाज नेमकं कोणाचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ते लपवू नकोस, पुरावे मांड आणि पाहुण्याला कौल देऊ दे.

स्क्रीनची ऑर्डर देण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून शाळेच्या मुलांवर आजमाव. बटणं त्यांच्या उंचीला हवीत.