नाशिकच्या नासर्डी नदीच्या गाळातले जड धातू गांडुळं आणि झाडं लावून निघतात का? नंतर तो गाळ द्राक्षबागेत चालेल का?

थोडे निघतात, पण गाळ शुद्ध होत नाही, म्हणून तपासणीशिवाय बागेत टाकू नका. धातू कुजत नाही, फक्त जागा बदलतो. मोहरी कॅडमियम आणि जस्त पानांपर्यंत ओढते. ती फुलोऱ्याआधी मुळासकट उपटायची, जनावरांना घालायची नाही, जाळायचीही नाही. वाळा धातू बहुतेक मुळांतच धरतो, त्यामुळे तो काठाचा गाळ थोपवायला चांगला. गांडुळांसाठी गाळ आणि मुरलेलं शेणखत निम्मं-निम्मं मिसळा. आधी एका बादलीत २०-२५ गांडुळं सोडून २ दिवस बघा. आत न शिरता ती कडेनं वर चढू लागली, तर तो गाळ त्यांना सोसणारा नाही. शेण कुजून वजन घटतं, म्हणून खतात धातूचं प्रमाण उलट वाढलेलंही दिसतं, पिकाला सहज मिळणारा अंश मात्र बहुधा कमी होतो. प्रयोगशाळेत तयार खताच्या या मर्यादा पाहा, प्रति किलो मिलिग्रॅममध्ये:

- कॅडमियम ५
- क्रोमियम ५०, निकेल ५०
- शिसं १००

काळा, वास मारणारा गाळ उपसून विहिरीजवळ अजिबात पसरू नका: हवा लागली की त्यातली सल्फाइडं (गंधकाची संयुगं) मोडतात आणि बांधलेले धातू पाण्यात सुटतात.