ॲपर्चरचा आकडा लहान असताना छिद्र मोठं कसं, आणि ग्रुप फोटोत एकच चेहरा शार्प का येतो?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र; त्याच्या एफचा आकडा लहान आणि छिद्र मोठं, हे उलटं का? ५० एमएमच्या लेन्सवर एफ/१.८ ठेवून चौघांचा फोटो काढला, त्यात एकाचाच चेहरा शार्प का आला? आणि मग एरवी आकडा कोणता ठेवायचा? पहिल्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. दुसऱ्यावर मात्र नीट थांबायला हवं, कारण ते कळलं की तिसरा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

एफ म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर ५० एमएम असं लिहिलेलं असतं तीच), आणि रेघेपुढचा आकडा हा भाजक. एफ/२ म्हणजे फोकल लेंग्थ भागिले दोन. तुमच्या ५० एमएमच्या लेन्सवर एफ/२ ला छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर, एफ/४ ला साडेबारा आणि एफ/१६ ला जेमतेम तीन मिलिमीटर. भाजक वाढला की भागाकार लहान होणारच. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या स्क्रीनवर मधली तिरकी रेघ गाळून नुसतं एफ८ असं दाखवतात, त्यामुळे हा अपूर्णांक आहे हेच नव्या माणसाला दिसत नाही.

मग सरळ मिलिमीटरच का लिहीत नाहीत? कारण लेन्स बदलली तरी प्रकाशाचा हिशोब तोच राहावा लागतो. ५० एमएमवर एफ/४ म्हणजे साडेबारा मिलिमीटर, २०० एमएमवर एफ/४ म्हणजे तब्बल ५० मिलिमीटर. पण लांब फोकल लेंग्थची लेन्स दृश्याचा अगदी छोटा तुकडा घेते, त्यातून येणारा प्रकाशही थोडा, म्हणून तिला छिद्र मोठं लागतं. परिणामी सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवरचा, उजेड दोन्हीकडे सारखाच पडतो. मला ही मांडणी फार सुंदर वाटते. एकदा ती कळली की कुठलीही लेन्स हातात आली तरी एफ/४ चा अर्थ बदलत नाही.

१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही मालिका पाठ करायची गरज नाही. १ आणि १.४ लक्षात ठेवा आणि एकाआड एक आकडा दुप्पट करत जा. ५.६ ची दुप्पट ११.२ होते, ती ११ अशी लिहितात, इतकंच. प्रत्येक पायरीला, म्हणजे स्टॉपला, प्रकाश निम्मा होतो. बहुतेक कॅमेऱ्यांवर डायलच्या तीन टिकटिकींचा एक स्टॉप होतो, म्हणून मध्ये ३.२, ३.५ असे आकडेही दिसतात. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स, ५५ एमएमवर जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंत उघडते. त्या मानाने एफ/१.८ जवळजवळ दहापट प्रकाश आत घेतं. जिथे किट लेन्सवर शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) १/१० सेकंद मिळत होता, तिथे तुम्हाला १/१०० च्या आसपास मिळेल. घरातल्या दिव्यांच्या उजेडात हा फरक फोटो हलण्याचा आणि न हलण्याचा असतो.

आता तो चौघांचा फोटो.

समोरच्या वस्तूवरच्या एका बिंदूतून निघालेला प्रकाश लेन्सच्या संपूर्ण छिद्रातून आत येतो आणि मागे शंकूसारखा निमुळता होत एका टोकाला मिळतो. ते टोक बरोबर सेन्सरवर पडलं तर बिंदूचा बिंदूच उमटतो. तेच शार्प. वस्तू थोडी पुढे किंवा मागे असली की टोक सेन्सरच्या मागे किंवा पुढे पडतं, आणि सेन्सरवर बिंदूऐवजी छोटं वर्तुळ उमटतं. तेच ब्लर. छिद्र मोठं असेल तर शंकू रुंद असतो, त्यामुळे जराशा फरकानेही वर्तुळ मोठं होतं. छिद्र लहान असेल तर शंकू सडपातळ राहतो. फरक पडला तरी वर्तुळ इतकं बारीक असतं की डोळ्याला तो बिंदूच वाटतो. असं जेवढ्या खोलीपर्यंत शार्प दिसतं, तिलाच डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. ॲपर्चरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर हा शंकू ठेवा.

तुमचा कॅमेरा एपीएस-सी (नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो त्या आकाराच्या) सेन्सरचा आहे असं धरून आकडे सांगतो. ५० एमएम, एफ/१.८, माणूस दोन मीटरवर: शार्प दिसणारा पट्टा साधारण ११ सेंटिमीटर जाडीचा. म्हणजे एका चेहऱ्यापुरता. बाकीचे तिघे अर्धं पाऊल जरी मागे असतील तरी ते पट्ट्याबाहेर. तिथूनच एफ/८ ठेवलं असतं तर पट्टा सुमारे अर्ध्या मीटरचा झाला असता. आणि एफ/१.८ तसंच ठेवून चार मीटरवर मागे सरकला असतात, तरीही तो ४५ सेंटिमीटरच्या आसपास गेला असता. अंतर दुप्पट झालं की पट्टा जवळपास चौपट होतो. ही गोष्ट नवशिक्यांना फारशी कुणी सांगत नाही. सगळे आकड्याच्याच मागे लागतात. उलट एक मीटरवर गेलात तर तोच पट्टा तीन सेंटिमीटरवर येतो, आणि डोळा शार्प असताना नाकाचा शेंडा सुटतो. फोटो मोठा करून शंभर टक्क्यांवर बघितलात तर हे पट्टे आणखी अरुंद वाटतील.

हा पट्टा सेन्सरला समांतर असतो, हेही महत्त्वाचं. म्हणून चौघांना अर्धवर्तुळात उभं न करता कॅमेऱ्यासमोर सरळ एका रांगेत आणलं तर तेवढ्यानेच बरंच काम होतं.

तुमचा तिसरा प्रश्न, कायम कोणता आकडा ठेवावा? कायमचा असा कुठलाच नाही. आधी स्वतःला विचारा, या फोटोत किती खोलीपर्यंत शार्प हवं आहे? त्याचं उत्तर ॲपर्चरने द्या आणि प्रकाशाची कमी-जास्त शटर स्पीड व आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्यावर) सोपवा. यासाठी कॅमेरा ए किंवा एव्ही मोडवर ठेवा, म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवता आणि शटर स्पीड कॅमेरा. सुरुवातीला पूर्ण मॅन्युअलवर शिकण्याचा आग्रह अनेक जण धरतात, मला तो पटत नाही. तीन गोष्टी एकदम फिरवताना कशामुळे काय बदललं हेच कळत नाही.

एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटला मी एफ/२ ते २.८ ठेवतो. लेन्स १.८ पर्यंत उघडत असली तरी एक-दोन स्टॉप बंद केल्यावर ती जास्त शार्प होते. दोघे असतील तर ४. ग्रुपला ५.६ ते ८. मोकळ्या निसर्गदृश्याला ८ ते ११ पुरे. १८ एमएमवर एफ/८ ठेवून दोन मीटरवर फोकस केलात, तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प दिसतं. तेवढ्यासाठी एफ/२२ वर जायचं कारण नाही. छिद्र फार लहान झालं की त्याच्या कडांवर प्रकाश पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात, आणि सगळाच फोटो मऊ होतो. शिवाय सेन्सरवर बसलेले धुळीचे कण आकाशात काळपट ठिपके म्हणून उठून दिसतात.

पार्श्वभूमी ब्लर करायला महाग लेन्सच लागते असंही नाही. किट लेन्स ५५ वर न्या, माणसाच्या जवळ जा आणि माणसाला मागच्या भिंतीपासून किंवा झाडांपासून चांगलं दूर उभं करा. एफ/५.६ वरही फरक स्पष्ट दिसेल. माणूस भिंतीला टेकून उभा असेल तर मात्र एफ/१.८ ही काही करू शकणार नाही. आणि मोबाइलवर एफ/१.८ लिहिलेलं पाहून तुलना करू नका. तिथली खरी फोकल लेंग्थ इतकी छोटी असते की छिद्र मोजक्या मिलिमीटरचंच राहतं. पोर्ट्रेट मोडमधला ब्लर सॉफ्टवेअर तयार करतं.

वाचून हे अर्धंच कळतं, म्हणून एक प्रयोग कराच. खिडकीच्या उजेडात टेबलावर तीन वस्तू एकामागे एक, हातभर अंतराने ठेवा. कॅमेरा कशावर तरी स्थिर ठेवा, आयएसओ एकच राहू द्या, फोकस मधल्या वस्तूवर. आता १.८, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे ओळीने फोटो काढा आणि प्रत्येक वेळी शटर स्पीड बघा. सुरुवातीला १/५०० असेल तर एफ/१६ ला तो १/६ च्या आसपास येईल. डीएसएलआर (आतल्या आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा) असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये डायल फिरवूनही काही बदलताना दिसणार नाही, त्याने गोंधळू नका. फोटो निघेपर्यंत लेन्स पूर्ण उघडीच असते. काही कॅमेऱ्यांवर डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण असतं, ते दाबलं की छिद्र आधीच लहान होतं आणि खरा परिणाम दिसतो.

रात्री घरात तोच चौघांचा फोटो पुन्हा काढायचा झाला तर: सगळे एका रांगेत, तुम्ही तीन मीटरवर, एफ/४, शटर स्पीड १/१०० च्या खाली नाही, आणि आयएसओ लागेल तितका वर जाऊ द्या. १६०० किंवा ३२०० ला घाबरू नका. थोडा दाणेदार फोटो चालतो, पण फोकसबाहेर गेलेला चेहरा नंतर धड परत आणता येत नाही.