प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नका

आपण लिहिले आहे की सातवीच्या वर्गात "प्रश्न विचारा" म्हटल्यावर मुले गप्प बसतात, आणि मुलांच्या प्रश्नांमागे गेलो तर अभ्यासक्रम मागे पडेल अशी आपल्याला धास्ती वाटते. रायगडच्या खाडीकाठी शिकवताना सुरुवातीला माझीही हीच अडचण होती. प्रश्न मागून मिळत नाहीत. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मुलांना नीट पाहायला लावली की ते आपसूक येतात.

भरती-ओहोटीचा पाठ काढण्याआधी, शुक्ल प्रतिपदेपासून मी काठावर राहणाऱ्या मुलांना एकच काम दिले: घरातले मोठे माणूस सोबत घेऊन जेटीवर जायचे आणि खांबावर पाणी चढायचे थांबले की वेळ वहीत टिपायची. चौथ्या दिवशी एका मुलीने विचारले, "बाई, पाणी रोज उशिरा का चढतं?" शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "तिथीची पाऊणपट करायची. आमचे आजोबा तसंच काढतात." चतुर्थीला 3 वाजता आणि अष्टमीला 6 वाजता पूर्ण भरती, हा हिशेब कोळीवाड्यात घरोघरी ठाऊक असतो. चंद्राचे कारण माझ्या अगदी ओठांवर आले होते, पण मी ते सांगितले नाही, आणि त्या पाठातले माझे सर्वांत मोलाचे काम तेच होते असे मला आजही वाटते.

पाऊणपटीने भरती दर तिथीला 45 मिनिटे पुढे जायला हवी; वहीत मात्र कधी 40 मिनिटे, तर अष्टमीच्या सुमारास तासाहून अधिक फरक दिसला. आजोबा चुकले की वही चुकली, यावर दोन दिवस वाद रंगला. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा आली आणि पाणी थांबले बाराच्या आसपास. म्हणजे 15 तिथींत भरती बारा तास पुढे सरकली; बारा तासांना 15 ने भागून मुलांनी तिथीमागे सरासरी 48 मिनिटे काढली, आणि तोंडी करायला सोपी म्हणून आजोबांची रीत चालत आली असावी, असे त्यांनीच ठरवले. त्यानंतर चंद्र रोज पुढे सरकत असल्याने त्याच्यासमोर पुन्हा यायला पृथ्वीवरच्या एखाद्या जागेला सुमारे 24 तास 50 मिनिटे लागतात, हे समजावायला दहा मिनिटे पुरली.

अभ्यासक्रमाचे म्हणाल, तर सत्रात असा एकच शोध घ्यावा आणि बाकीचे पाठ नेहमीप्रमाणे शिकवावेत. प्रश्न मुलांचे असले तरी निवड आपण करावी. गावातच पडताळून पाहता येईल तो आधी घ्यावा, उरलेले फळ्याच्या कोपऱ्यात तारखेसह लिहून ठेवावेत. मध्य प्रदेशातल्या शाळांमध्ये चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले "सवालीराम" या काल्पनिक पात्राला पत्राने प्रश्न पाठवत. वर्गात न बोलणाऱ्या मुलांसाठी मी तशीच एक पेटी ठेवते आणि दर शनिवारी ती मुलांसमोरच उघडते.