लिनक्स ड्रायव्हरमध्ये पेज कॉपी करण्याचा वेळ कसा कमी करावा?

उपकरणाकडून आलेला डेटा आपला ड्रायव्हर ४०९६ बाइटांच्या एकेका पेजने वापरकर्त्याच्या बफरमध्ये कॉपी करतो, त्यात फार वेळ जातो, तेव्हा हा लूप एव्हीएक्समध्ये (प्रोसेसरच्या रुंद रजिस्टरांवर एकाच वेळी बराच डेटा हाताळणाऱ्या सूचनांमध्ये) लिहावा का, असे आपण विचारले आहे. लिहू नये, असे माझे मत आहे. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, एव्हीएक्सची रजिस्टर वापरण्यासाठी आधी 'कर्नल_एफपीयू_बिगिन' कॉल करावे लागते, आणि त्यानंतर प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरे सुरू करणे) बंद असते. वापरकर्त्याच्या बफरवर लिहिताना मात्र पेज फॉल्ट (हवे ते पेज मेमरीत मॅप नसल्याने येणारा अडथळा) येऊन थांबावे लागू शकते, जे त्या अवस्थेत चालत नाही. शिवाय 'कॉपी_टू_यूजर' आणि 'कॉपी_पेज' ही फंक्शन प्रोसेसरच्या क्षमतेनुसार आधीच जुळवलेली असतात.

वेळ कुठे जातो ते आधी पर्फ या लिनक्सच्या मोजमाप साधनाने मोजून पाहावे. माझा पहिला संशय उपकरणाचा डेटा ज्यात येतो त्या मूळ बफरवर आहे. डीएमए म्हणजे उपकरणाने थेट मेमरीत वाचणे-लिहिणे; त्यासाठी 'डीएमए_अलॉक_कोहेरंट'ने घेतलेली मेमरी काही आर्म प्रोसेसरच्या यंत्रणांवर कॅशविना (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीविना) मॅप होते, आणि तशी मेमरी प्रोसेसरने वाचणे इतके संथ असते की लूप कितीही सुधारला तरी फरक पडत नाही. तिथे साध्या पेजवर स्ट्रीमिंग मॅपिंग (पेज उपकरणाला तात्पुरते वापरायला देणे) करून, वाचण्यापूर्वी 'डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू' कॉल करावे; कॅश अमान्य करण्याचा खर्च येतो, पण तो सहसा परवडतो.

पेजला कर्नलमध्ये तात्पुरता पत्ता देणारे 'केमॅप_अॅटॉमिक' वापरत असाल तर ते आजच बदला. ६४ बिटांच्या यंत्रणांवर सगळी मेमरी कायम मॅप केलेली असते, तरीही ते फंक्शन पेज फॉल्ट बंद करतेच, कर्नलच्या ५.११ आवृत्तीत आलेल्या 'केमॅप_लोकल_पेज'ला ते बंधन नाही, फक्त मॅपिंग उलट क्रमाने सोडावी लागतात.

एवढे करूनही कॉपीचाच भार उरला, तर ती टाळण्याचा विचार करावा, आणि खरा लाभ बहुधा इथेच असतो. 'एममॅप'मधून बफर एकदाच वापरकर्त्याला मॅप करून द्यावा आणि त्याचे तुकडे रिंगसारखे फिरवावेत. दर पेजला नवे मॅपिंग करू नये, कारण जुने मॅपिंग काढताना इतर कोअरवरील टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांचे भाषांतर साठवणारी कॅश) साफ करावा लागतो, आणि कॅशमध्ये असलेले एक पेज कॉपी करणे त्याहून स्वस्त पडू शकते. कोणता तुकडा सध्या उपकरणाच्या ताब्यात आहे आणि कोणता वापरकर्त्याच्या, हे दोन निर्देशांकांनी आणि योग्य मेमरी बॅरियरने (मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम राखणाऱ्या सूचनेने) काटेकोर पाळावे, अन्यथा वाचन चालू असतानाच उपकरण त्यावर नवा डेटा लिहील.