बिलात नाही ते रॅकवर नाही

बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागवली ट्रॅक्टरच्या सिंगल क्लचची प्लेट, आला ड्युअल क्लचचा आख्खा सेट प्रेशर प्लेटसकट, बिल मात्र प्लेटचंच, आणि तू विचारायलास "काका, ठेवू का परत करू". ठेवायचाच असता तर मला विचारलं नसतंस, गपचूप रॅकवर चढवला असतास. बिलात नाही ते रॅकवर नाही, माझं एवढंच म्हणणं आहे आणि तेच मी पुन्हा पुन्हा सांगणार, कंटाळा आला तरी वाच.

"कंपनी मोठी आहे, त्यांना काय फरक पडतो" म्हणालास ना, तिथं माझं डोकं सरकलं. कंपनीला नाही पडत रे, खोकी उचलणाऱ्या पोराला पडतो. गॅरेज टाकायच्या आधी मी वाळूजकडं एका स्पेअरच्या गोडाऊनला होतो, तिथं महिनाअखेर स्टॉक टॅली व्हायचा आन् जो माल कमी भरला तो सरळ पोरांच्या पगारातून कापायचे, कुठं गेला याची चौकशी नाही. माझाही कापला. तो माल कुणीतरी आरामात विकून खाल्ला असणार, त्याला मी ओळखत नाही तरी अजून शिव्या देतो.

आता तू म्हणशील परत पाठवायला भाडं कोण देणार, मी का पदरमोड करू. नकोच करू! एका वकील गिऱ्हाईकानं मला हे समजावून सांगितलंय. 1872 चा करार कायदा, कलम 72, चुकून हातात आलेली वस्तू परत द्यायची. आणि 1930 चा माल विक्रीचा कायदा, कलम 43, चुकीचा आला म्हणून नाकारलेला माल, वेगळं काही ठरलं नसेल तर, स्वतः नेऊन द्यायची जबाबदारी तुझी नाही, नाकारला असं कळवलं की झालं. म्हणजे कळवायचं तू, उचलून न्यायचं त्यांनी. फोनवर बोलून सोडू नको, मेसेज टाक, लेखी राहतं. आणि सेट विकला तरी बिल कशाचं फाडशील? उद्या क्लच घसरायला लागला, शेतकरी वॉरंटी मागायला आला, की काय दाखवशील त्याला, खोकं?

माझ्या साडूची नि माझी भागीदारी याच गोष्टीवरून तुटली. त्याचं आज दोन मजली दुकान आहे, मी पत्र्याखालीच आहे. तोडताना चार माणसांत त्याला जे बोललो ते बोलायला नको होतं, हे खरं. पण तुटली ते बरंच झालं. लोक येडा म्हणतात, म्हणू देत. बिलात नाही ते रॅकवर नाही.

बरं, आता कामाचं. प्लेटच्या लायनिंगला, म्हणजे घासणाऱ्या थराला, ऑइल-ग्रीसचा हात लावू नको, डाग पडला की ते परत घ्यायला कुरकुर करतील. खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो, बिलाचा फोटो, दोन्ही एकत्र पाठव. आणि "बसतोय का बघू" म्हणून तर अजिबात लावून बघू नको, ड्युअलमध्ये अर्धा पेडल दाबला की चाक थांबतं, पूर्ण दाबला की पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट, ड्युअलचं शाफ्टच वेगळं असतं, तुझ्या ट्रॅक्टरला ते जमणार नाही. ट्रॅक्टर मधून खोलून ठेवलायस, एकदा जोडून पुन्हा फाडायचा म्हणजे मजुरी तुझ्याच बोकांडी.

राहिला तो ट्रॅक्टरवाला शेतकरी. मृग तोंडावर, रोटाव्हेटर मारायचाय, तो रोज येऊन बोंबलणारच. त्याला खोटं सांगू नको की पार्सल अजून आलंच नाही. चुकीचं आलंय, खोकं समोर ठेवून दाखव. तोवर जुनी प्लेट पुसून तिच्यावरचा नंबर मला पाठव, बाहेरचा व्यासही मोजून लिही. परभणीत एकाकडं पडून असायची शक्यता आहे, मी उद्या सकाळी विचारतो, बिलासकट.

— काका