दिवसाला १६४ रुपये: शैक्षणिक कर्जाबद्दल तुमचे प्रश्न

मी पाचोऱ्याची, पुण्यात नोकरी करते. हातात ३८ हजार येतात. इंजिनिअरिंगचं ६ लाखांचं कर्ज आहे, व्याज १० टक्के, मुदत १० वर्षं, हप्ता ७,९२९ रुपये. काटकसर करून हे लवकर कसं संपवू?

ताई, आधी कर्जखात्याचा उतारा काढा आणि पहिल्या हप्त्याची ओळ बघा. ७,९२९ पैकी ५,००० व्याजात गेलेले दिसतील, मुद्दलातून कमी झाले फक्त २,९२९. ६ लाखांवर १० टक्के म्हणजे दिवसाला साधारण १६४ रुपये. रविवारीही. चहा सोडू की सिनेमा सोडू, या प्रश्नाच्या आधी हा आकडा डोक्यात बसू द्या.

असाच हप्ता भरत राहिलात तर १० वर्षांत व्याजच साडेतीन लाख जाईल. महिन्याला १२ हजार भरलेत तर कर्ज ६५ महिन्यांत संपतं आणि व्याज १ लाख ८० हजारांच्या आत राहतं. २० हजार भरलेत तर ३५ महिने, व्याज ९३ हजारांच्या आसपास. पण ३८ मधून २० काढून पुण्यात राहायचं म्हणजे पोटाला चिमटा. मी तरी तो सल्ला देणार नाही. १२ हजारांपासून सुरुवात करा आणि पगारवाढ झाली की वाढलेली रक्कम जशीच्या तशी हप्त्यात घाला. हातात कधी आलीच नाही तर तिची चटक लागत नाही.

पैसे वाचतात ते तीन ठिकाणी: भाडं, गाडी आणि बाहेरचं खाणं. बाकी चिल्लर. एकटीच्या खोलीऐवजी चौघींत फ्लॅट घ्या. दुचाकी कर्जावर घेऊ नका. एक कर्ज फेडण्यासाठी कामाला जायचं आणि कामाला जाण्यासाठी दुसरं काढायचं, हा उलटा संसार. घरी जाताना ट्रॅव्हल्सचे दिवाळीतले भाव बघून डोळे पांढरे होतात, पण एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. येताना आईकडून कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि ठेचा आणा. संध्याकाळी कळण्याची भाकरी थापायला वीस मिनिटं लागतात आणि बाहेरून मागवलेला डबाही साधारण तेवढ्याच वेळात येतो.

एक काम मात्र जादा पैसे भरण्याआधी करा. तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवा. बँकेत एकदा जास्तीचं भरलेलं परत मागता येत नाही. नोकरी गेली तर बँक "मागे तुम्ही जास्त भरलं होतं" म्हणून थांबत नाही.

आणि जादा रक्कम भरताना शाखेत लेखी अर्ज द्या: ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. मी बँकेत काउंटरवर बसायचो तेव्हाची गोष्ट. एका मुलानं ७० हजार भरले. ते पुढचे हप्ते म्हणून धरले गेले, आठ महिने खात्यातून काही कापलं गेलं नाही आणि पोरगा खुशीत. मुदत होती जवळपास तेवढीच. चूक आमच्याच टेबलावरची होती, पण त्यानं नवव्या महिन्यात विचारलं म्हणून कळली. तुमच्या कर्जाचा व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक दंड घेऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. काउंटरवर कोणी वेगळं सांगितलं तर लेखी मागा.

मी यावल तालुक्यातला शेतकरी. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बँकेनं सांगितलं, शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. मग आत्तापासून पैसे भरायची काय गरज? कापसाचे थोडे पैसे आले आहेत.

भाऊ, हप्ता नाही याचा अर्थ व्याज नाही असा नाही. इथं भलेभले फसतात. दर वर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ६ लाख उचलले, १० टक्के सरळ व्याज धरलं, तर शिक्षणाची चार वर्षं आणि वरचं एक वर्ष मिळून २ लाख १० हजार व्याज साचतं. पहिला हप्ता सुरू होतो त्या दिवशी ते मुद्दलात मिसळतं. म्हणजे पोराच्या डोक्यावर ६ नाही, ८ लाख १० हजारांचं कर्ज येतं आणि पुढे व्याजावर व्याज चढतं.

तिसऱ्या वर्षी साडेचार लाख उचललेले असतील तर महिन्याचं व्याज ३,७५० होतं. तेवढं भरत गेलात तरी मुद्दल फुगत नाही. शिवाय शिक्षणाच्या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात १ टक्का सवलत देतात. तुमच्या मंजुरीपत्रात तसं कलम आहे का बघा. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या योजनेत या काळातलं व्याज सरकार भरतं. मुलाचा अभ्यासक्रम आणि कॉलेज त्यात बसतं का, हे तहसीलचा दाखला घेऊन शाखेत विचारा.

पण थांबा. कापसाचे पैसे हातात आले की आधी पीक कर्जाकडे बघा. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ती सवलत गेली. मुलाचं व्याज भरण्याच्या नादात पीक कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीत थकबाकीदार झालेले लोक मी पाहिलेत. तेव्हा आधी सोसायटी, मग घरखर्च आणि पुढच्या बियाण्याचे पैसे, आणि उरलं तर मुलाचं व्याज. केळीवाल्यांकडे वर्षभर कापणीनुसार पैसा येतो, त्यांना दरमहा भरणं जमतं. कापूसवाल्यानं वर्षातून दोनदा ठोक भरलं तरी चालेल.

आयकरात सूट मिळते म्हणून कर्ज हळूहळू फेडावं, असं ऑफिसमधले म्हणतात. खरं का? (भुसावळ)

कलम ८०ई खाली व्याजाची वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत आणि जास्तीत जास्त ८ वर्षं. मुद्दलावर नाही. तुम्ही नवी प्रणाली घेतली असेल तर हा विषयच संपला. २०२५-२६ पासून तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही. जुन्यातही हिशेब साधा आहे: २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १०० रुपये व्याज दिल्यावर वीसेक रुपये कर वाचतो. उरलेले ऐंशी कोणाचे?

माझं ३ लाखांचं कर्ज राहिलंय, साडेनऊ टक्के, तीन वर्षं बाकी. आई म्हणते पाटल्या मोडू आणि मोकळं होऊ. वडील म्हणतात मोडू नको, गहाण ठेवून भरू. काय करू? (धुळे)

दोन्ही नको. सोन्याची गोष्ट आपल्याकडे निघाली की सगळे हळवे होतात, त्यात जळगावची सुवर्णपेठ जवळ, म्हणून आधी आकडे. तुमचा हप्ता ९,६१० च्या आसपास असणार आणि राहिलेल्या तीन वर्षांत व्याज जाणार साधारण ४६ हजार. कर्जाच्या शेवटी शेवटी व्याज असं पातळ झालेलं असतं. महिन्याला ३ हजार जास्त भरलेत तरी २७ महिन्यांत सुटाल. या ४६ हजारांसाठी पाटल्या मोडायच्या, सराफाकडे घट सोसायची, आणि उद्या तशाच घडवायच्या तर घडणावळ व जीएसटी पुन्हा द्यायचा.

गहाण ठेवणं म्हणजे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. सोनेतारण कर्ज बहुधा वर्षाच्या मुदतीचं असतं. वर्ष संपलं की सगळी रक्कम एकदम उभी राहते. वळं किंवा नाणी नुसती पडून असतील तर ती विकायला माझी हरकत नाही. अंगावरचं राहू द्या. आणि आईनं स्वतःहून विषय काढला, म्हणजे घरात या कर्जाची काळजी तुमच्यापेक्षा तिलाच जास्त आहे. तिला एकदा उतारा दाखवा आणि कोणत्या महिन्यात संपतंय ते कॅलेंडरवर लिहून द्या.

मी नंदुरबारचा, सुरतेत कामाला. पगारातला अर्धा भाग कर्जात भरतो. मित्र चिकट म्हणतात. आता मामेबहिणीचं लग्न आहे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी जायचंय. तिथं हात आखडता घेतला तर लोक काय म्हणतील?

लोक म्हणतील, "बठ्ठा पैसा बँकमाच टाकस का रे भो?" म्हणू द्या. हे बोलणं मी माझ्या पहिल्या नोकरीत ऐकलंय आणि त्याला उत्तर म्हणून लुना घेतली होती. दोन वर्षं तिचे हप्ते भरले, बोलणारे तेच राहिले.

पण नात्यात चिकटपणा करू नका. लग्न, मौत, आहेर हे खर्च आपल्याकडे येणारच. ते अचानक येतात असं आपण म्हणतो, पण लग्नाची तिथी तर चार महिने आधी ठरलेली असते. दरमहा हजार रुपयांची आरडी वेगळी काढा आणि वर्षाचे सगळे कार्यक्रम त्यातच बसवा. मामेबहिणीला द्यायचं ते त्यातून मोकळ्या हातानं द्या. ती आटली की त्या वर्षी फक्त हजेरी आणि वाढपाला उभं राहायचं. खानदेशात वरणबट्टीच्या पंगतीला वाढणारा माणूस कुणाला जड होत नाही. आहेरासाठी पर्सनल लोन काढायचं नाही, मामा रुसला तरी.

आखाजीला मात्र जा. गाडीला गर्दी असणार, नवापूरपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा.